ईसीएम गेला, असं म्हणण्याआधी

मंडळी, "ईसीएम गेला", म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा बिघडला, हे वाक्य आपल्या गॅरेजच्या धंद्यात जितक्या सहज बोललं जातं, तितक्या सहज ईसीएम जात नाही. जातो, अगदीच जात नाही असं नाही. पण दहा वेगळ्या गोष्टी तपासून झाल्याशिवाय त्याच्यावर आळ घ्यायचा नाही, एवढंच सांगायला मी आज आलोय. आणि खरोखर गेलाच असेल, तर डबा बदलणं हे कामाचं सगळ्यात सोपं टोक आहे, हेही.

तुमच्या दारात येणाऱ्या पिकअप काय भरून येतात? नारायणगावचा टोमॅटो, पिंपळगावचा कांदा, दूध, कोंबड्या, सिमेंट. गाडी बंद पडली की मालाचा भाव पडतो, आणि मालक घायकुतीला येऊन म्हणतो, "शेठ, काय ते बदला, पण रात्रीची फेरी चुकवू नका." ही घाईच डबे खपवते. एकदा फोडलेला इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार परत घेत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. हजारोंचा डबा बसवून गाडी तशीच उभी राहिली, तर मालकाला तोंड कसं दाखवायचं?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. मेकॅनिकल पंप होता, डिझेल पोचलं आणि हवा काढली की इंजिन चालायचं. मग धुराचे नियम कडक झाले: बीएस-४ १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालं, बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून. आता डिझेल कधी मारायचं, किती मारायचं आणि एका स्ट्रोकमध्ये किती वेळा मारायचं, हे सगळं ईसीएम ठरवतो. रेलमध्ये, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरना जोडलेल्या नळीत, हजार-दीड हजार बारच्या पुढचं प्रेशर असतं. इंजेक्टरची सोलेनॉइड, म्हणजे विजेवरची झडप, झटक्यात उघडायला १२ व्होल्ट पुरत नाहीत, म्हणून ईसीएम आतल्या आत ते ६५ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून वर चढवतो. चालू इंजिनात इंजेक्टरचा कपलर (वायरींचा प्लग) ओढायची ज्यांना सवय आहे, त्यांनी ती आजपासून सोडावी. तुम्हालाही झटका, ड्रायव्हर सर्किटलाही.

आता गाडी समोर आहे. सेल्फ फिरतो, इंजिन स्टार्ट घेत नाही, स्कॅनर लावला तर ईसीएम बोलत नाही. दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलमध्ये यू०१०० हा कोड दिसतो, म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला. इथे नव्वद टक्के लोक निकाल देऊन मोकळे होतात. अहो, संपर्क तुटला म्हणजे माणूस मेला असं थोडंच आहे? आधी त्याला जेवायला मिळतंय का ते बघा.

ईसीएमच्या कपलरवर बॅटरीचा कायमचा प्लस येतो, इग्निशनचा प्लस येतो, मेन रिलेतून मोठा सप्लाय येतो आणि दोन-तीन जाड अर्थ (मायनसच्या वायरी) असतात. सगळे मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले की "सप्लाय ओके" म्हणतात. इथेच फसगत होते. मीटर करंट ओढतच नाही. वायरची एकच तार शिल्लक राहिली असेल तरी मीटर छातीठोक १२ व्होल्ट दाखवतो. म्हणून मी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वापरतो. कपलर काढायचा, हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूने बल्बचं एक टोक सप्लायच्या पिनला, दुसरं अर्थच्या पिनला. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. फक्क पेटला तर वायर खरी. लालसर मिणमिणला तर सप्लाय किंवा अर्थ कुठेतरी सडलाय. मग मीटर घ्या आणि व्होल्टेज ड्रॉप मोजा. ईसीएमची अर्थ पिन ते बॅटरीचा मायनस, लोड चालू ठेवून. तिथे दशांश एक व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर चेसिसवरचा अर्थचा बोल्ट सोडवा. आयलेटखाली रंग, चिखल, हिरवट गंज असतो. काचपेपर मारा, घट्ट करा. कित्येक "गेलेले" ईसीएम या एका बोल्टने जिवंत झालेले आहेत. पिनमध्ये जाड प्रोब मात्र खुपसू नका. पिन ढिली झाली की नवीन आजार तुम्हीच लावता.

सप्लाय ठीक निघाला, तरी डबा उघडायची घाई नको. ईसीएम सेन्सरना ५ व्होल्ट देतो आणि बऱ्याचदा एकाच लाइनवर तीन-चार सेन्सर असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट बसतात, आणि काही गाड्यांत ईसीएम बोलायचाही थांबतो. माझ्याकडे एक टोमॅटोची पिकअप अशीच टोचन करून आली होती. दुसऱ्या गॅरेजने ईसीएम सांगितला होता, मालक पैसे जमवायच्या तयारीत होता. ॲक्सिलरेटर पेडलच्या कपलरवर ५ व्होल्टच्या जागी सव्वा व्होल्ट. मीटर तिथेच लावून ठेवला आणि पोराला एकेक सेन्सरचा कपलर काढायला लावला. बूस्ट सेन्सर काढला, फरक नाही. रेल प्रेशर सेन्सर काढला, फरक नाही. म्हणजे सेन्सर नव्हे, वायर. मग हार्नेस हाताने हलवत गेलो. इंजिनाच्या मागच्या ब्रॅकेटपाशी हात गेला आणि मीटर टुणकन ५ वर. क्लिप तुटून हार्नेस ब्रॅकेटच्या धारेवर घासत होता, इन्सुलेशन सोललेलं, आतलं तांबं चकचकीत. वायर जोडली, स्लीव्ह चढवली, क्लिप बसवली. रात्रीची फेरी चुकली नाही.

कॅन लाइनचं, म्हणजे मॉड्यूल ज्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात त्यांचं, तपासणं तर त्याहून स्वस्त. बॅटरी काढून ओबीडी कपलरच्या (जिथे स्कॅनर लावतो त्याच्या) ६ आणि १४ नंबर पिनमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास हवं, कारण दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० आलं तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. बऱ्याच गाड्यांत यातला एक रेझिस्टर ईसीएमच्याच पोटात असतो, त्यामुळे ईसीएमचा कपलर काढला की ६० चे १२० व्हायला हवेत. काही जुन्या गाड्यांत स्कॅनर ७ नंबर पिनच्या के-लाइनवर बोलतो, तिथे हा हिशेब लागत नाही.

एवढं सगळं बरोबर आहे आणि तरी ईसीएम गप्प आहे, किंवा मेमरीचा पी०६०१, प्रोसेसरचा पी०६०६ हे कोड बॅटरी पूर्ण चार्ज असताना पुसले तरी लगेच परत येतात, तेव्हा म्हणा, गेला.

पण कशाने गेला? हे कळल्याशिवाय नवीन बसवाल तर तोही जाईल. आपल्या भागात मारेकरी ठरलेले आहेत. पहिला, शेजारच्या ट्रकवरून जंप. ट्रक २४ व्होल्टचा, पिकअप १२ ची. ढाब्यावर रात्री कोण विचारतो? दुसरा, वेल्डिंग. हौद्याला ताडपत्रीचे हूक लावायचे, जाळी उंच करायची, म्हणून मालक परस्पर वेल्डिंगवाल्याकडे जातो. बॅटरी काढलेली नाही, वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प कुठेतरी बंपरला. करंटला जो रस्ता सापडेल त्या रस्त्याने तो जातो. बॅटरीची टर्मिनल्स आणि ईसीएमचा कपलर काढा, क्लॅम्प वेल्डच्या जवळ लावा, हे मालकाला आणि वेल्डिंगवाल्याला दोघांनाही बजावून ठेवा. तिसरं पाणी. वॉशिंग सेंटरवाला प्रेशर गन कपलरवर धरतो. पाणी लगेच मारत नाही, महिन्यांनी पिना हिरव्या पडतात. उंदरांबद्दल बोलायला बसलो तर संध्याकाळ होईल.

आता बदलणं. इग्निशन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा. मेन रिले लगेच सुटत नाही, तेवढ्या वेळात ईसीएम स्वतःच्या नोंदी लिहीत असतो. मग बॅटरी काढा. नुसत्या बोटाने पिना चोळू नका. जुना ईसीएम थोडा जरी बोलत असेल तर आधी सगळं वाचून ठेवा: चेसिस नंबर, इंजेक्टर कोड, बीएस-६ असेल तर डीपीएफमधल्या, म्हणजे धुराच्या गाळणीतल्या, काजळीचे आकडे. नवीन डब्याचा पार्ट नंबर नुसता दिसायला सारखा असून चालत नाही. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही नंबर जुळले पाहिजेत. भंगारातून आणलेला ईसीएम दुसऱ्या गाडीच्या इमोबिलायझरशी (चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेशी) जोडलेला असतो. सेल्फ फिरेल, कदाचित क्षणभर इंजिन उठेल आणि बंद पडेल. मग जुन्याचा डेटा त्यात कॉपी करावा लागतो, आणि ते काम जाणत्याकडूनच करून घ्या.

नवीन कोऱ्या ईसीएमला प्रोग्रॅमिंग करताना बॅटरीला चांगला सपोर्ट चार्जर लावा. फ्लॅशिंग अर्ध्यावर असताना व्होल्टेज पडलं, तर नवीन डबाही टेबलावरच जायबंदी. मग चाव्या शिकवायच्या. मग इंजेक्टर कोड, ज्यावर मी सगळ्यात जास्त अडून बसतो. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला असतो. काजळी पुसून, टॉर्च मारून, मोबाइलवर फोटो काढून कागदावर लिहा आणि सिलिंडरच्या क्रमानेच टाका. दोन नंबरचा तीनला टाकला तरी गाडी चालते, म्हणून लोक खपवतात. पण आयडलला थरथरते, धूर मारते, आणि मालक महिन्याने म्हणतो, ईसीएम बदलल्यापासून ॲव्हरेज गेलं. खरंच बोलतो बिचारा.

याच वेळी मालक हळूच विचारतो, "डबा उघडलाच आहे, तर ईजीआर, डीपीएफ बंद करून टाका ना." माझं उत्तर एकच, "नाही". ही दोन्ही धुरातलं प्रदूषण कमी करणारी यंत्रं आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मंजूर करून घेतलेल्या गाडीत असा फेरफार चालत नाही, आणि काजळी शेवटी बाजार समितीच्या आवारात आपल्याच पोरांच्या नाकात जाते.

शेवटी कोड पुसा, रिकामी नाही, माल भरून गाडी चढाला न्या, येऊन पुन्हा स्कॅन करा. पेंडिंग कोडही बघा. जुना ईसीएम लगेच भंगारात देऊ नका. त्यावर गाडीचा नंबर लिहून कपाटात ठेवा आणि बिलावर जुना-नवा दोन्ही नंबर टाका. पुढे वॉरंटीचा वाद निघाला की तुमच्या तोंडी शब्दाला नाही, त्या दोन आकड्यांना विचारतात.