काइट घेऊन कॅरिबियनला निघालात? आधी वाऱ्याखाली काय आहे ते बघा

(कॅमेऱ्याकडे बघत, मागे भिंतीवर टांगलेली ९ मीटरची काइट)

नमस्कार मंडळी! रामेश्वरमच्या काइटसर्फिंगच्या, म्हणजे काइटच्या ओढीवर पाण्यावरून बोर्डने सरकत जाण्याच्या, व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय. "ताई, आता कॅरिबियनचं सांगा." कुणाला हनिमूनला जायचंय, कुणी बॉस्टनला नोकरीला आहे आणि त्याला तिथून जवळ पडतं. शिवाय रील्समध्ये ते नितळ हिरवं पाणी, त्यावर एक काइट आणि मागे नारळ. जावंसं वाटणारच. तर आज मी एक बेट धरून बोलणार आहे: युनियन आयलंड. सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स या देशाच्या दक्षिण टोकाचं बेट. आठ-नऊ चौरस किलोमीटर एवढंच. गावाचं नाव क्लिफ्टन, आणि गावासमोरच रीफच्या, म्हणजे पाण्यातल्या प्रवाळ खडकाच्या, आडोशाला लगून, म्हणजे शांत उथळ पाणी.

सोप्या गोष्टी आधी पटापट उरकते.

हंगाम डिसेंबर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत. व्यापारी वारे पूर्व-ईशान्येकडून वाहतात, बऱ्याचदा १५ ते २५ नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे २० नॉटला ३७ किलोमीटर धरा. डिसेंबर-जानेवारीत जोर जास्त, त्याला तिकडे ख्रिसमस विंड्स म्हणतात. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. तेव्हा जाऊ नका.

काइट कोणती? तुमचं वजन सत्तर किलोच्या आसपास असेल तर ९ आणि ७ मीटर, म्हणजे काइटचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. गोव्यात मोरजीमला दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर १२ किंवा १४ उडवत असाल, तर तीच उचलून नेऊ नका. वारा १५ चा २५ झाला की ओढ दीडपट वाढेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट.

पैसे: पूर्व कॅरिबियन डॉलर. एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर १९७६ पासून बांधलेला आहे. बेट छोटं आहे, रोख जवळ ठेवा.

झालं. आता मुख्य मुद्द्यावर येते.

(पुढे झुकून)

मला रोज इनबॉक्समध्ये फोटो येतात. निळं पाणी, पांढरी वाळू, "ताई, हा स्पॉट कसा आहे?" अहो, फोटोवरून मला काय कळणार? त्या फोटोत वारा कुठून कुठे जातोय ते दिसत नाही. मी उलट एकच विचारते: वाऱ्याखाली काय आहे? तुमची काइट पाण्यात पडली, बोर्ड सुटला, हात थकले, तर वारा तुम्हाला कुठे नेऊन सोडेल? विमानाचं तिकीट काढायच्या आधी या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे हवं. तिथे गेल्यावर बघू, हे चालणार नाही.

(स्क्रीनवर उपग्रह नकाशा: क्लिफ्टन)

हे बघा. उजवीकडे पूर्व, तिकडे अटलांटिक. ही पांढरी रेघ म्हणजे न्यूलँड्स रीफ. लाटा इथे फुटतात. आतलं पाणी सपाट राहतं, पण वारा मात्र रीफवरून न अडता सरळ आत येतो, कारण समुद्रावर त्याला अडवायला ना डोंगर ना झाड. म्हणून वारा एकसारखा, आणि म्हणून जगभरातले लोक इथे येतात. आता बोट वाऱ्याच्या दिशेने खाली सरकवा. पूर्व-ईशान्येकडून आलेला वारा पश्चिम-नैऋत्येकडे जाणार. तिकडे काय दिसतं? नांगरलेल्या शिडाच्या होड्या. त्यांच्या डोलकाठ्या, त्यांचे दोर. आणि त्यामागे गाव.

म्हणजे इथे तुम्ही उघड्या समुद्रात वाहून जाणार नाही, हे चांगलं. पण वाहत गेलात तर होड्यांच्या गर्दीत जाणार. काइटच्या लाइन्स, म्हणजे तिला तुमच्याशी जोडणाऱ्या दोऱ्या, वीस-चोवीस मीटर लांब असतात. त्या डोलकाठीत अडकल्या आणि काइट वाऱ्याने परत भरली, तर पुढे काय होईल हे कुणाच्याच हातात राहत नाही. मी क्लिफ्टनला असं एकदा पाहिलंय. एक तरुण चांगला चालवत होता, उड्याही मारत होता, फक्त प्रत्येक फेरीत थोडा खाली घसरत होता. अपविंड राखणं, म्हणजे वारा येतो त्या बाजूला चढत राहणं, त्याला अजून जमत नव्हतं. एका कॅटामरानच्या, म्हणजे जोडसांगाड्याच्या होडीच्या, पुढच्या दोरांत त्याची काइट गुंतली. होडीवरच्या बाईने चाकू काढला आणि एकेक लाइन कापली. मुलाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, कारण त्याने क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ झटकन सोडवणारा खटका, वेळेवर ओढला होता. पण किनाऱ्यावरचे आम्ही सगळे उभे राहिलो होतो.

म्हणून माझं मत सांगते. ज्याला अजून अपविंड जाता येत नाही, त्याने क्लिफ्टनला एकट्याने पाण्यात उतरू नये. तिथल्या काइटच्या शाळेकडे जा, त्यांची बोट सोबत घ्या. पैसे जास्त जातील, जाऊ देत.

आता दुसरं बेट बघू, म्हणजे फरक कळेल.

(स्क्रीनवर नकाशा: बोनेर)

बोनेर. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, नेदरलँड्सच्या अखत्यारीत. पूर्व किनाऱ्यावर हे सुंदर लगून आहे, लाक बे. कमरेएवढं पाणी, रीफ, खारफुटी. फोटो पाहून दर आठवड्याला कुणीतरी मला लिहितं, "बोनेरच्या लगूनमध्ये काइट करणार." लाक बे विंडसर्फिंगसाठी आहे. तिथे काइटला मनाई आहे, सागरी उद्यानाचा तसा नियम आहे. काइटवाले जातात नैऋत्य किनाऱ्यावर, अटलांटिस नावाच्या जागी. आणि तिथे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणजे ऑफशोअर. शाळेत मतलई वारे शिकलो होतो ना, ती दिशा. फक्त इथे तो रात्रीपुरता नसतो, दिवसभर तसाच वाहतो.

बेटाचा दक्षिण भाग सपाट आहे, मिठागरं आहेत, म्हणून वारा जमिनीवरून येऊनही स्वच्छ येतो. पाणी काचेसारखं. पण वाऱ्याखाली काय? मोकळा कॅरिबियन समुद्र. म्हणून तिथे मदतीची बोट असल्याशिवाय कुणी उतरत नाही, आणि तुम्हीही उतरू नका.

यावर मागे एक कमेंट आली होती: "मला पोहता येतं, अंगात इम्पॅक्ट व्हेस्ट असतं, मग ऑफशोअरची एवढी भीती कशाला?" (इम्पॅक्ट व्हेस्ट म्हणजे मार झेलणारं जाडसर जॅकेट.) मी त्यांना उत्तर लिहिलं होतं, इथेही सांगते. काइट पाण्यात पडलीय आणि तुम्ही ताशी तीन-चार किलोमीटरने वाहताय असं धरा. तासाभरात किनारा तीन-चार किलोमीटर मागे पडला. लाटांमधलं तुमचं डोकं एवढ्या अंतरावरून कुणाला दिसणार आहे? पोहता येणं चांगलंच, पण वाऱ्याविरुद्ध हार्नेस, म्हणजे काइट अडकवायचा कमरेचा पट्टा, घालून पोहून बघा एकदा, सुरक्षित जागी. किती पुढे सरकता ते बघा.

तर एकच कॅरिबियन, एकच व्यापारी वारा, दोन्हीकडे निळं पाणी. एका ठिकाणी वाऱ्याखाली होड्या, दुसऱ्या ठिकाणी वाऱ्याखाली काहीच नाही. दोन्हीची तयारी वेगळी.

आता अंदाज कसा वाचायचा. विंडगुरू, विंडी, वाऱ्याच्या अंदाजाचं जे ॲप वापरत असाल ते. इथे लोक हमखास गोंधळतात. "ईशान्य वारा" म्हणजे ईशान्येकडून येणारा. आकड्यात ७० अंश लिहिलं असेल तर तो पूर्व-ईशान्येकडून येतोय. पण बाण बऱ्याच ॲपमध्ये वारा जिकडे जातो तिकडे रोखलेला असतो. म्हणजे शब्द सांगतो कुठून, बाण दाखवतो कुठे. तुम्हाला हवाय बाण. बाणाचं शेपूट स्पॉटवर ठेवा आणि टोकाच्या दिशेने नकाशावर बोट फिरवत जा. एक किलोमीटर, दोन किलोमीटर. वाटेत काय लागतं ते कागदावर लिहा. खडक, जेट्टी, होड्या, विजेच्या तारा, की नुसतं पाणी. मग दिशा वीस-तीस अंशांनी फिरवून पुन्हा करा, कारण वारा रोज तंतोतंत तसाच येत नाही.

आणि वेगाच्या आकड्यावर फार विसंबू नका. जीएफएस या जागतिक हवामान मॉडेलचा एक चौकोन साधारण १३ किलोमीटरचा असतो. आपलं सगळं बेट त्या एका चौकोनात हरवतं. बेटावरच्या टेकड्यांमागे वारा कसा तुटतो हे मॉडेलला दिसत नाही. ते तिथल्या माणसालाच विचारायला हवं.

तिसरी गोष्ट किनाऱ्यावरची. रामेश्वरमला मी शिकले तेव्हा आमचे सर पंपाला हात लावू द्यायचे नाहीत. आधी वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. दोन्ही कानांवर वारा सारखा वाटला पाहिजे. मग समोर जे जे दिसतं ते मोठ्याने म्हणायचं. नायलॉनची जाळी, दोन होड्या, बाभळी, माणसं. समोर निदान दोन लाइनच्या लांबीइतकं, पन्नास मीटर तरी, मोकळं नसेल तर काइट फुगवायची नाही, जागा बदलायची. मी हे आजही करते, अगदी ओळखीच्या किनाऱ्यावरसुद्धा. क्लिफ्टनला मी मराठीतून मोठ्याने म्हणते, आजूबाजूचे बघतात, बघू देत. तुम्हीही करा.

एका दादांनी विचारलंय, "शिकायलाच थेट कॅरिबियनला गेलं तर?" जाऊ शकता, तिथे शाळा उत्तम आहेत. पण सुरुवातीचे दिवस काइट वाळूवर आपटण्यात आणि बॉडी ड्रॅगमध्येच, म्हणजे बोर्डशिवाय काइटच्या ओढीवर पाण्यातून ओढलं जाण्यातच, जातात. ते रामेश्वरमच्या उथळ पाण्यात करा. सेल्फ रेस्क्यू म्हणजे पडलेल्या काइटच्या आधाराने स्वतः किनारा गाठणं, बोर्डशिवाय अपविंड बॉडी ड्रॅग, आणि ताणाखाली क्विक रिलीज ओढणं, एवढं हाताला बसलं की मग तिकीट काढा.

आता तिकिटाचं. आपल्या पासपोर्टवर बार्बाडोसला आणि सेंट व्हिन्सेंटला पर्यटनासाठी आधी व्हिसा लागत नाही. निघण्यापूर्वी मात्र त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा तपासा, नियम बदलतात. अडतं ते वाटेत. अमेरिकेतून विमान बदलायचं तर नुसत्या ट्रान्झिटलाही व्हिसा लागतो, कारण तिथे इमिग्रेशन ओलांडावंच लागतं. लंडनहून जायचं तर भारतीयांना विमानतळाच्या आतल्या आत बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, काही सवलती सोडल्या तर. आणि हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढे असं स्वस्त तिकीट घेतलंत, तर शहरात शिरण्याचा वेगळा व्हिसा. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप हा फ्रान्सचाच भाग, पण शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात, नाहीत, त्यामुळे नुसत्या शेंगेनच्या भरवशावर तिकडे निघू नका.

बार्बाडोसहून युनियनला छोटं विमान. किंवा सेंट व्हिन्सेंटच्या अर्गाईल विमानतळावर उतरायचं, तो २०१७ मध्ये सुरू झाला, आणि किंग्सटाउनहून फेरीने खाली यायचं. काइट बॅग असेल तर मला फेरी आवडते. छोट्या विमानात वजनाची मर्यादा कडक असते. माझी बॅग एकदा मागाहून आली, आणि तोवर मी सुरेख २० नॉटचा वारा किनाऱ्यावर बसून बघितला. तेव्हापासून हार्नेस आणि बार, म्हणजे काइट वळवायची दांडी, हातातल्या बॅगेत. काइट भाड्याने मिळते, मापाचा हार्नेस मिळेलच असं नाही.

अजून दोन गोष्टी बोलायच्याच आहेत.

एक, सरगॅसम. तपकिरी समुद्री शेवाळ. २०११ पासून पूर्व कॅरिबियनमध्ये मोठ्या प्रमाणात येऊ लागलंय, विशेषतः वसंत ते उन्हाळ्यात. वाऱ्याच्या बाजूच्या उपसागरांत त्याचे थर साचतात, बोर्डाखालच्या फिनमध्ये अडकतं, लाइनला गुंडाळतं, आणि कुजलं की वास सुटतो. एप्रिलनंतर जाणार असाल तर निघण्याच्या आठवड्यात शाळेकडून त्या दिवसाचा फोटो मागवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ याच बेटांवरून गेलं. शेजारच्या कॅरियाकूवर चौथ्या श्रेणीचं वादळ धडकलं. युनियन आयलंडवरची नव्वद टक्के घरं मोडली किंवा उद्ध्वस्त झाली असं तेव्हाचे पंतप्रधान राल्फ गोन्साल्विस यांनी सांगितलं होतं. छपरं गेली, होड्या गेल्या, लोकांना बेट सोडून जावं लागलं. म्हणून जुन्या ब्लॉगवर वाचलेलं गेस्ट हाऊस आज आहे असं गृहीत धरू नका. थेट लिहा, विचारा. आणि राहायचं, जेवायचं, शिकायचं ते शक्य तितकं गावातल्याच लोकांकडे. "तिकडे सगळं मोडलंय, कशाला जायचं?" अशी कमेंट मी वाचली आणि मला फार वाईट वाटलं. त्या गावाचं पोट पाहुण्यांवर चालतं. कोकणात निसर्ग वादळानंतर दिवेआगर, श्रीवर्धनच्या लोकांना पर्यटक परत येण्याची किती वाट बघावी लागली, हे आपल्याला माहीत आहे.

विमा काढताना शब्द वाचा. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात. पॉलिसीत काइटसर्फिंग आहे का आणि दुसऱ्या बेटावरच्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलाय का, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचं "हो मॅडम, सगळं कव्हर आहे" उपयोगाचं नाही.

आणि शाळेला पहिलं ईमेल लिहाल तेव्हा दर विचारायच्या आधी हे तीन प्रश्न विचारा. माझ्या तारखांना वारा बहुतेक कुठून असतो? वाऱ्याखाली काय आहे? तुमची बोट पाण्यात असते की गरज पडल्यावर आणता? तिसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं, तर दुसरी शाळा शोधा.

तुमचा स्पॉट ठरला असेल तर नकाशाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यावर वाऱ्याचा बाण स्वतः काढा आणि मला पाठवा. बाण काढलेले नकाशे मी रविवारच्या लाइव्हमध्ये घेणार आहे. नुसते समुद्राचे फोटो घेणार नाही.