गॉलचा कोट, पायी

(दृश्य : कोलंबो फोर्ट स्थानक, सकाळची गर्दी)
श्रीलंकेचा दक्षिण किनारा बघायला मोटार नको, रेल्वेच हवी. गॉलच्या गाडीत उजव्या हाताची खिडकी धरा. कोलंबोतच रूळ समुद्राला येऊन भिडतात आणि मग बराच वेळ त्याची सोबत सोडत नाहीत. प्रवास दोन-अडीच तासांचा. गॉल हे टोकाचं स्थानक. मातराकडे जाणारी गाडी इथून उलट्या तोंडानं निघते. पुढे जायचं असेल तर इथे बाजू बदला, म्हणजे समुद्र पुन्हा तुमच्या खिडकीत येईल.

(दृश्य : धावत्या गाडीतून, वाटेतलं पेरालिया गाव)
२६ डिसेंबर २००४. त्सुनामीनं इथे भरलेली गाडी उलथवली. हजाराहून जास्त माणसं गेली.

(दृश्य : तटावरून क्रिकेटचं मैदान)
गॉलच्या कसोटीत मैदानामागे दिसतो तो हाच कोट. पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये इथे लहानशी गढी बांधली. १६४० मध्ये ती डचांनी जिंकली आणि पुढे चौदा बुरुजांचा कोट उभा केला. जुन्या दरवाजावर बाहेरून ब्रिटिश राजचिन्ह आहे. आत शिरलात की मागे वळा. आतल्या अंगाला डच ईस्ट इंडिया कंपनीची VOC ही अक्षरं, सिंह, वर कोंबडा आणि १६६९ साल.

(दृश्य : तटाचा दगड, अगदी जवळून)
या छिद्राछिद्रांच्या दगडावरून बोट फिरवा, चाळणीसारखा खरखरीत लागतो. हे प्रवाळ. काळ्या पाषाणासोबत तेही भिंतीत घातलंय.

(दृश्य : गल्ली, गटाराची झाकणं, मग समुद्र)
कोटाची खरी करामत मात्र पायाखाली आहे. सतराव्या शतकात डचांनी गल्ल्यांखालून गटारं नेली. भरतीला समुद्राचं पाणी आत शिरायचं आणि घाण धुऊन बाहेर न्यायचं. या पाण्यावर ताबा ठेवणारे पंप ट्रायटन बुरुजावरच्या पवनचक्कीवर चालत. वारा आणि भरती, दोन्ही फुकटची. त्यांच्या जोरावर अख्खं गाव स्वच्छ राहायचं. वसईचा कोट पाहिलेल्यांनी इथे मुद्दाम यावं. तिथे भिंती उरल्यात, इथे भिंतींच्या आत शाळा, मशीद, चर्च आणि संसार चालू आहेत.

म्हणूनच धावती सहल करू नका, एक रात्र आत राहा. डिसेंबर ते मार्च उत्तम. मे ते सप्टेंबर इकडे पावसाळा आणि समुद्र खवळलेला, तेव्हा पूर्वेला त्रिंकोमालीकडे वळा. तटावर दुपारी सावली मिळत नाही, चार वाजता चढा. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका. तटाच्या दक्षिण टोकाला फ्लॅग रॉक हा बुरूज आहे, तिथून पैशांसाठी खाली उडी मारणारे भेटतील. खाली खडक आहेत, पैसे देऊन उडी मारायला लावू नका.

(दृश्य : दीपगृह, मावळतीचा प्रकाश)
१९३९ चं हे दीपगृह साडेसव्वीस मीटर उंच आहे. इथून तटावरूनच पश्चिमेला निघा. सूर्य बुडेपर्यंत समुद्र डाव्या हाताला राहील.