मे महिन्याचा डबा

(पडदा काळा. फक्त आवाज.)

डोळे मिटून ऐकलंत तर पत्र्यावर सर कोसळतेय असं वाटेल. पण हा मे महिना आहे, वेंगुर्ल्याजवळची एक वाडी आहे, आणि आवाज माझ्या मावशीच्या कढईतला आहे. फणसाचे गरे तळले जातायत.

(दृश्य उजळतं. मागीलदारची चूल, कढई, झारा.)

मावशी कढईत फारसं बघत नाही, ती ऐकते. गरा तेलात पडला की त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पळतं, त्याचा हा चुरचुराट. पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो, बुडबुडे विरळ होतात. मग ती चमचाभर मिठाचं पाणी कढईत शिंपडते. एकदम तडतडाट, आणि आम्ही कॅमेऱ्यासकट दोन पावलं मागे. तो ओसरला की झारा आत. मी मध्येच घाई केली तर म्हणाली, "आयक. अजून पाणी बोलता."

हे तळण मुंबईच्या चाकरमान्यांसाठी आहे, खोबरेलातलं. ते पिशव्यांत भरून एसटीनं जाईल. घरात मात्र गऱ्यांचा दुसरा डबा असतो, आणि हा माहितीपट त्या दुसऱ्या डब्याचा आहे.

(पडवी. फळीवर ॲल्युमिनियमचा जुना डबा. झाकण उघडताना 'टक्'.)

गेल्या वर्षी काकांचा रक्ताचा रिपोर्ट आला. एलडीएल, ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, १६८. साधारण १०० च्या आत असलं तर उत्तम, १६० च्या वर गेलं की जास्त. डॉक्टरांनी रोज रात्रीची एक गोळी लिहून दिली आणि सांगितलं, तळलेलं बंद. गोळीबद्दल काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या सूचनेवर मात्र घरी येईपर्यंत गप्प राहिले आणि खळ्यात पाय ठेवता ठेवता म्हणाले, "गरे खाऊचे नाय, तर मे म्हयनो येता कशाक?"

मावशीनं वाद घातला नाही. ती पहिल्यांदा तेलाच्या बरणीपाशी गेली.

(बरण्या. खोबरेल, गोडेतेल.)

आपल्याकडे एक गोंधळ कायम असतो. तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' असं मोठ्ठं छापलेलं असतं आणि आपण खूश होऊन घरी आणतो. अहो, कुठल्याच वनस्पती तेलात नाव घेण्यासारखं कोलेस्टेरॉल नसतं! ते प्राण्यांच्या पेशीत तयार होतं. फणसात नाही, नारळात नाही, शेंगदाण्यात नाही. तेव्हा ते छापणं म्हणजे मिठाच्या पुडीवर 'यात साखर नाही' असं लिहिण्यासारखं आहे. बघायचं असतं ते दुसरंच: तेलात संतृप्त स्निग्धांश, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, किती.

इथे खोबरेलाची पंचाईत होते. त्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग संतृप्त. गोडेतेलात, म्हणजे शेंगदाणा तेलात, हाच आकडा विशीच्या आत. करडईत तर १० च्याही खाली. कोकणातल्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, कारण खोबरेल म्हणजे घरचं, माडावरचं, अंगाला लावायचं तेच जेवणात. वाडीत एकानं मला कॅमेऱ्यासमोरच सुनावलं, "घरच्या तेलान काय्येक होणा नाय." प्रेम मान्य. पण खोबरेल एलडीएल वाढवतं. ते चांगलं म्हणवणारं एचडीएलही थोडं वाढवतं, म्हणून त्याची बाजू घेणारे पुष्कळ आहेत. तरीही २०१७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं ते रोजच्या वापरात नको असा स्पष्ट सल्ला दिला, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. कोकणातच, रातांब्याच्या म्हणजे कोकमाच्या झाडाखाली बसून पटतं, हे विशेष.

(वेंगुर्ला बंदर. धक्का. होड्या बांधलेल्या.)

हे आत नेमकं घडतं कसं? धक्क्याकडे बघा. होड्या येतात, खुंट्याला दोर बांधतात, माल उतरतो. आपलं यकृत हा असाच एक धक्का आहे. रक्तातून फिरणारे एलडीएलचे कण तिथे लागतात आणि आत घेतले जातात. त्यांना पकडणारे खुंटे, म्हणजे एलडीएल रिसेप्टर. ते शोधल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. संतृप्त स्निग्धांश जास्त झाला की यकृतावरचे हे खुंटे कमी होतात. होड्या तेवढ्याच, बांधायला जागा नाही. मग त्या बाहेरच तरंगत राहतात, आणि रिपोर्टात १६८ येतात.

आता हिशेब बघा. खोबरेलात तळलेल्या केळ्याच्या १०० ग्रॅम चिप्समध्ये साधारण ३३ ग्रॅम स्निग्धांश असतो, आणि त्यातला २९ ग्रॅमच्या आसपास संतृप्त. ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय त्यांनी दिवसभरात १३ ग्रॅमच्या आत राहावं असं तीच अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. टीव्हीसमोर बसलं की १०० ग्रॅम कधी संपतात तेही कळत नाही.

(फणस. विळी, हात.)

काकांच्या डब्यासाठीही फणस तोच लागतो: जून झालेला, पण पिकायला न लागलेला. कोवळा असेल तर गरा पातळ आणि बेचव, पिकायला लागला तर तळताना काळा पडतो. कापा फणसच हवा, बरका इथे कामाचा नाही. मावशी हाताला आणि विळीला तेल चोपडते, नाहीतर चीक दोन दिवस सुटत नाही. फणस उभा चिरला, गरे काढले, आठळ्या वेगळ्या केल्या, चारखंड गुरांकडे गेलं. आठळ्या उकडून आमटीत जातात, इथे काही फुकट जात नाही. मग गऱ्याचे उभे काप. बारीक, पण कागद नव्हे. फार पातळ काप तेल जास्त पितो, कारण पृष्ठभागच जास्त.

आणि तेल आत शिरतं कधी? तळताना, असंच आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात गरा तेलात असताना आतली वाफ बाहेर ढकलत असते, तेलाला वाट कमीच मिळते. झाऱ्यावर आल्यावर तो गार होऊ लागतो, वाफ आकसते आणि वरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून तळलेलं ताटात ओतून ठेवणं सगळ्यात वाईट. मावशी कढईच्या वरच चाळणीत ते जोरात हलवते, गरम असतानाच, आणि मग स्वच्छ सुती फडक्यावर पसरते. वर्तमानपत्रावर नाही, छपाईची शाई खाण्याला लागते.

एवढं केलं तरी तळण ते तळणच. काकांच्या वाट्याला ते महिन्यातून एकदा, गोडेतेलातलं, आणि तेही एक वाटी. बाकीच्या दिवसांचं काय?

(पडवीत खोका. मुंबईहून आलेलं यंत्र.)

मुलानं मुंबईहून एअर फ्रायर आणला. मावशीनं तो आठवडाभर खोक्यातच ठेवला. उघडला तेव्हा पहिला घाणा असा झाला: गऱ्याचे काप आत घातले, पंखा सुरू झाला, आणि सुकत चाललेले हलके काप उडून वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटले. घरभर करपट वास. दुसऱ्या घाण्याला काप उडाले नाहीत, पण चामड्यासारखे चिवट झाले. मावशी यंत्राकडे बघून म्हणाली, "ह्येका आवाजच नाय. माका कळतला कसा?"

खरंच आहे. ज्या बाईनं चाळीस वर्षं कानानं तळलं, तिला हा एकसुरी घूं-घूं काय सांगणार? तिनं मग स्वतःची रीत बसवली. काप आधी ३-४ मिनिटं वाफवायचे, म्हणजे आत शिजतात आणि बाहेर कुरकुरीत होतात. फडक्यावर पंख्याखाली पूर्ण कोरडे करायचे. पाणी राहिलं की चिवटपणा आलाच. मग दोन मुठी कापांना एक चहाचा चमचा गोडेतेल हातानं चोळायचं. ओतायचं नाही, चोळायचं. प्रत्येक कापाला बोट लागलं पाहिजे. एकच थर पसरायचा, वर स्टीलची छोटी जाळी ठेवायची म्हणजे उडत नाहीत. १६० अंशावर साधारण १५ मिनिटं, मध्ये दोनदा हलवायचं. रंग पिवळसर सोनेरी असतानाच बाहेर. तपकिरी होऊ द्यायचे नाहीत. पिठूळ पदार्थ फार भाजला की कडू तर होतोच, शिवाय त्यात ॲक्रिलामाइड नावाचं नको ते रसायन तयार होतं. बटाट्याच्या चिप्समध्ये ते २००२ साली सापडलं तेव्हा बरीच खळबळ झाली होती.

यंत्र नसलं तरी अडत नाही. आमच्या चित्रीकरणाच्या दुसऱ्याच दिवशी लाईट गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही.

(चूल. बिडाचा तवा. कच्ची केळी.)

बिडाच्या तव्यावर तिनं कच्च्या केळ्याचे काप केले. हळद घातलेल्या पाण्यात काप, म्हणजे काळे पडत नाहीत. कोरडे करून तव्यावर एकेक मांडले, अगदी मंद आच, वर सपाट ताटली दाबायला. उलटायचे, पुन्हा दाबायचे. वेळ लागतो, घाणा छोटा होतो, आणि मध्ये उठता येत नाही. पण चार केळ्यांना दोन चमचे तेल पुरलं. नीरफणस असला तर त्याचेही असेच होतात, कणगी, म्हणजे कोकणातला एक कंद, आधी उकडून घ्यावी लागते. सुरण मात्र मावशी या भानगडीत घेत नाही, घशाला खाजला की काका सगळाच डबा नाकारतात.

ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी वेगळा हिशेब करावा. तेल कमी झालं म्हणून केळ्यातलं पीठ कमी होत नाही.

आता चव. इथे माझी स्वतःची अडचण सांगते. भाजलेला गरा आणि तळलेला गरा यांची चव सारखी लागत नाही. 'अगदी तळल्यासारखे' असं म्हणणारा माणूस एकतर विक्रेता असतो किंवा खूप दिवस उपाशी. मावशीनं ते कबूल केलं आणि वेगळ्या बाजूनं गेली.

(उन्हात सुपात रातांब्याची सालं. जवळून: जांभळी-काळी, आकसलेली.)

मे महिन्यात रातांबेही पिकतात. त्यांची सालं ती मीठ न लावता कडकडीत वाळवते आणि पाट्यावर पूड करते. त्यात जिरं भाजून, चिमूटभर लाल मिरची, आणि तिरफळाचं अगदी एक टरफल. तिरफळ म्हटलं की बांगड्याचं सार आठवतं, पण कोरड्या गऱ्यावर ते जिभेला हलकी झिणझिणी देतं. आंबट लागलं की मीठ कमी चालतं. जे घालायचं ते मिक्सरमध्ये पिठासारखं बारीक केलेलं, म्हणजे थोडं असूनही जिभेला लगेच लागतं. दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपलं लोणचंच त्यातलं बरंच खाऊन टाकतं.

आणि मग शेवटी ती खोबरेलाची बरणी उघडते. होय, तीच. अर्धा चहाचा चमचा, चौघांच्या मिळून घाण्यावर, गरम असतानाच. वासापुरतं. माणशी संतृप्त स्निग्धांश अर्ध्या ग्रॅमच्याही आत पडतो. मी हिशेब करून दाखवला तर तिनं मान हलवली, "तां माका ठाव नाय. वास इलो म्हणजे झाला."

काकांचं एलडीएल आता खाली आलंय. त्याचं बरंचसं श्रेय त्या रात्रीच्या गोळीचं असणार, आणि ती चालूच आहे. गऱ्यांनी किती उतरलं हे कुणी मोजलेलं नाही.

(रात्र. पडवी. कंदील नाही, लाईट आलीय. सगळे शांत.)

चित्रीकरण संपलं की आम्ही एक मिनिट काहीही न बोलता नुसती जागा रेकॉर्ड करतो, संकलनाला ती शांतता लागते. त्या रात्री पडवीत माईक लावून सगळे गप्प बसलो. रातकिडे. लांबवर समुद्र. चाळिसाव्या सेकंदाला माईकमध्ये एक आवाज आलाय.

(आवाज: 'टक्'.)

आतून मावशी: "अवो, किती घेतल्यात?"

"दोनच गो."

(थोडा वेळ रातकिडे. मग पुन्हा 'टक्'.)