सोनं आधी, आचार्य नंतर

[दृश्य: पंख्याचं बटण. टेबलावर वरखाची वही.]

आधी पंखा बंद करायचा, मग खिडकी. सोन्याचा वरख श्वासानेही उडतो. मे महिन्यात ठाण्यात बंद खोलीत बसायचं म्हणजे घाम आलाच. म्हणून कपाळाला पंच्याची पट्टी. घामाचा थेंब वरखावर पडला, तर त्या जागी पुढे रंग धरत नाही.

नौपाड्यातल्या या खोलीत आज जैन पोथीचं एकच पान हाताखाली आहे. 11 सेंटिमीटर उंच, 26 सेंटिमीटर लांब. हा आडवा आकार ताडपत्राकडून आलेला. ताडपत्राला भोक पाडून दोरी ओवायचे. कागदाला दोरीची गरज उरली नाही, पण भोकाच्या जागेवर हा लाल चंद्रक, म्हणजे रंगवलेला गोल ठिपका, राहिला तो राहिलाच.

[दृश्य: पानाचा डावा भाग, अक्षरं.]

पोथी लिहिणारा तो लहिया. त्याचं काम संपलेलं आहे: सात ओळी, आणि चित्रासाठी मोकळी चौकट. समासात चिताऱ्यासाठी बारीक अक्षरात सूचना, ‘कालकाचार्य, सातवाहन राजा’. म्हणजे जैन आचार्य कालक आणि त्यांच्यासमोर राजा. जुन्या पोथ्यांत अशा सूचना अजून वाचता येतात. कधी कधी चिताऱ्याने त्या वाचल्याच नाहीत, हेही कळतं.

[दृश्य: डिंकाचा हात, वरख बसतो.]

बाभळीच्या डिंकाचं पातळ पाणी चौकटभर फिरवलं. आता वरख, अख्ख्या चौकटीवर. पंधराव्या शतकातल्या गुजरात-राजस्थानच्या पोथ्यांत हीच रीत दिसते: आधी सगळीकडे सोनं, आणि मग माणसं सोडून बाकी सोनं झाकायचं. 

घोटायचं केव्हा, हे इथे हातालाच कळावं लागतं. डिंक ओला असताना अकीक, म्हणजे घोटायचा गुळगुळीत दगड, फिरवला तर वरख गोळा होऊन येतो; पार वाळू दिला तर धरतच नाही. वर पातळ कागद ठेवून, हलक्या हाताने, एकाच दिशेने. पावसाळ्यात डिंक दोन-दोन दिवस वाळत नाही. त्या दिवसांत इथे फक्त रेखाटनं होतात.

[दृश्य: खल. लाल पाणी.]

हा हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचा आणि गंधकाचा खनिज रंग. कोरडा खलायचा नाही, धूळ विषारी. खडीसाखरेच्या पाण्यात खलायचा, निवळू द्यायचा, वर आलेलं पिवळट पाणी ओतून टाकायचं. पुन्हा पाणी, पुन्हा खल. दहा-पंधरा वेळा. पिवळी झाक गेली की मग डिंक. डिंक कमी पडला तर रंग बोटाला येतो, जास्त झाला तर वाळून तडकतो. आधी वेगळ्या पट्टीवर रंग लावून नखाने ओरखडा काढून बघायचा आणि मगच पानावर. सोन्यावर रंग मुळातच नाखुशीने बसतो. जुन्या पानांवर लाल पोपडे उडून खालचं सोनं डोकावतं ते त्यामुळे.

[दृश्य: लाल रंग आकृतीभोवती सरकतो. लांबू द्यावं.]

खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला. लाल रंग कडेकडेने आत येतोय. इथे खांदा. इथे मांडी. हे आसन. आचार्यांच्या अंगाला रंग लागलेलाच नाही.

चेहरा ओळखीचा असण्याचा प्रश्न नाही. या शैलीत सगळ्यांची नाकं टोकदार आणि सगळ्यांचा पलीकडचा डोळा गालाबाहेर. आचार्य ओळखायचे ते आकाराने, आसनाने आणि चार वस्तूंनी. शिष्यांपेक्षा मोठे, उंच बैठकीवर, उजवा खांदा उघडा. हातात मुहपत्ती, म्हणजे तोंडापुढे धरायचा कापडी तुकडा, आणि काखेत ओघा, म्हणजे साधूंचा लोकरी कुंचा. मुहपत्ती तोंडावर बांधलेली दाखवली तर परंपराच बदलते; ती पद्धत स्थानकवासी या जैन पंथाची.

[दृश्य: अगदी जवळून, ठवणी.]

आणि ही ठवणी. मधोमध बांधलेल्या काठ्या, वर-खाली फाकलेल्या, माथ्यावर कापडात बांधलेले स्थापनाचार्य, म्हणजे गुरूंच्या जागी ठेवलेलं प्रतीक. स्वतःचे गुरू समोर नसले की आचार्यही यांच्यासमोरच बसतात. नवख्या हाताकडून हिचा डमरू होतो. छापील नक्कलांत तर सर्रास.

समोर हात जोडलेला राजा आहे तो प्रतिष्ठानचा, आपल्या पैठणचा. जैनांच्या पर्युषण पर्वाची भाद्रपदातली पंचमी आणि इंद्रोत्सव एकाच दिवशी येत होते. राजा म्हणाला, षष्ठी करा. कालकाचार्यांनी पंचमी ओलांडायला नकार दिला आणि पर्व एक दिवस अलीकडे, चतुर्थीला आणलं. म्हणून तर टेंभी नाक्यावर मुनिसुव्रतस्वामींच्या जैन देवळाकडे संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, निघालेली माणसं आणि पाटावर गणपती घेऊन निघालेली माणसं एकाच सकाळी एकमेकांना वाट देतात.

[दृश्य: काजळाची रेघ.]

शेवटची काळी रेघ. काजळ, डिंक, पाणी. ही खोडता येत नाही. चुकली तर खालचं सोनंही खरवडावं लागतं. भुवई, नाक, हनुवटी, आणि सगळ्यात शेवटी तो बाहेरचा डोळा. देवळातल्या मूर्तींना चिकटवलेल्या डोळ्यांवरून तो आला, असं एक मत आहे. तो अधांतरी वाटतो खरा, पण तो काढला की पान मुकं होतं.

छापील प्रत स्वस्त पडते आणि तिच्यात सोन्याचा मोहरीसारखा पिवळा होतो. हाताने पानं करून घेणारी ग्रंथभांडारं आता थोडी.

[दृश्य: लाल कापड, लाकडी डबा.]

दोन फळ्यांत पान, वर लाल कापड, कोपऱ्यात वेखंडाची पुरचुंडी, कसर लागू नये म्हणून. डबा भाद्रपदात पोथीवाचनाच्या दिवशी निघेल. मग पुन्हा कार्तिकात, ज्ञानपंचमीला, म्हणजे जैनांच्या पोथ्यांच्या पूजेच्या दिवशी, पावसाळ्याची ओल पुसायला.

पंखा सुरू.