तीन कचेऱ्या, एक बिशप

[पडद्यावर: कृष्णधवल फोटो, हळूहळू जवळ येतो]

हा फोटो आधी नीट बघून घ्या. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य, फॉन्ड ड्यू लॅक नावाचं गाव, नोव्हेंबर 1900. एपिस्कोपल चर्चच्या एका नव्या बिशपचा अभिषेक नुकताच झालाय आणि जमलेले बिशप फोटोसाठी ओळीनं थांबलेत. डोक्यावर उंच टोकदार टोप्या, अंगावर भरजरी झगे. पाहुण्यांमध्ये रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे बिशप तीखॉन आहेत, पुढे मॉस्कोचे पेट्रिआर्क, म्हणजे त्या चर्चचे प्रमुख, झाले तेच. फोटो छापून आला आणि देशभरातल्या साध्या वळणाच्या एपिस्कोपल मंडळींचं डोकं फिरलं. आपल्या बिशपांनी असं नटायचं? त्यांनी या फोटोला नावच ठेवून दिलं, ‘फॉन्ड ड्यू लॅकची सर्कस’. ते आजतागायत चिकटलंय.

सर्कस म्हणा नाहीतर सोहळा, थाट मात्र होता. एका धर्मप्रांताचा, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालच्या मुलखाचा, थाट. 2024 साली तो धर्मप्रांत नकाशावरून गेला. भांडण नाही, फूट नाही, कोर्टकचेरी नाही. सभा भरली, मतदान झालं, शेजारच्या दोघांबरोबर विलीनीकरण झालं.

[पडद्यावर: विस्कॉन्सिनचा नकाशा, कोरा]

एपिस्कोपल चर्च म्हणजे अँग्लिकन परंपरेचं अमेरिकेतलं घर. राज्यक्रांतीनंतर इंग्लंडच्या राजाशी नातं तुटलं, तेव्हा 1789 मध्ये फिलाडेल्फियात यांनी स्वतःची घटना केली. नावातला ‘एपिस्कोपल’ हा शब्द ग्रीक ‘एपिस्कोपॉस’वरून आलाय. देखरेख करणारा, असा त्याचा अर्थ. आपल्या मराठी बायबलात याच शब्दाला ‘अध्यक्ष’ म्हटलंय. अध्यक्ष म्हटलं की आपल्याला खुर्ची आणि हार दिसतात, पण मूळ शब्दात पायपीट आहे. या चर्चच्या कायद्यात आजही लिहिलेलं आहे की बिशपनं आपल्या प्रांतातल्या प्रत्येक मंडळीला, म्हणजे गावोगावच्या प्रत्येक चर्चला, तीन वर्षांतून निदान एकदा भेट द्यायचीच. भेटीत प्रवचन करायचं, प्रभुभोजनाचा विधी चालवायचा, दृढीकरण करायचं, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांकडून विश्वासाची जाहीर कबुली घेऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा, आणि मंडळीची दप्तरं तपासायची. हो, दप्तरंसुद्धा. बाप्तिस्मे किती, लग्नं किती, दफनं किती, सगळं रजिस्टरात.

म्हणजे धर्मप्रांत केवढा असावा याचं मूळ माप अगदी साधं होतं. एका माणसाला जेवढं फिरता येईल, तेवढा.

[पडद्यावर: केम्पर यांचं चित्र, मग घोडागाडीची वाट]

हे माप सगळ्यात जास्त ताणलं जॅक्सन केम्पर यांनी. 1835 मध्ये ते या चर्चचे पहिले मिशनरी बिशप झाले. हाती दिलेला मुलूख मिसुरी आणि इंडियाना, आणि बघता बघता त्यात विस्कॉन्सिन, आयोवा, मिनेसोटा, कॅन्सस असं काय काय येत गेलं. घोड्यावरून, गाडीतून, चिखलातून फिरणारा बिशप.

1847 मध्ये विस्कॉन्सिनचा स्वतंत्र धर्मप्रांत उभा राहिला. वस्ती वाढली, लाकूडतोडीची आणि गिरण्यांची गावं वाढली, तशी वाटणी सुरू झाली. 1875 मध्ये ईशान्येचा भाग तोडून फॉन्ड ड्यू लॅक झाला. उरलेल्या भागाला पुढे मिलवॉकी म्हणू लागले. 1928 मध्ये वायव्येला ओ क्लेअर निघाला. फ्रेंच नावं आहेत ही, ‘तळ्याचं टोक’ आणि ‘नितळ पाणी’. एका राज्यात तीन धर्मप्रांत, तीन बिशप, तीन कॅथेड्रल.

जाता जाता सांगतो, आपल्याकडेही त्याच सुमारास हेच चाललं होतं. 1837 च्या मुंबईच्या अँग्लिकन धर्मप्रांतातून 1929 मध्ये नाशिकचा वेगळा निघाला. ओ क्लेअरनंतर एकाच वर्षानं. वाढत्या घराची वाटणी कुणालाच जड जात नाही.

[पडद्यावर: एका लहान लाकडी चर्चचं दार, बर्फ]

घर आटायला लागल्यावर मात्र प्रकरण कचेरीत येतं. 1960 च्या दशकात या चर्चचे अमेरिकेतले बाप्तिस्मा झालेले सभासद 34 लाखांवर होते. आता पंधरा लाखांच्या आसपास. आणि रविवारी प्रत्यक्ष बाकांवर बसणारे चार लाखांच्या घरात.

गावपातळीवर याचा हिशेब कसा लागतो ते बघा. तीस-पस्तीस माणसांची मंडळी. तिला पूर्णवेळ पाळक ठेवायचा तर पगार, राहायला घर किंवा घरभाडं, आरोग्यविमा आणि या सगळ्यावर पेन्शन फंडाची 18 टक्के वर्गणी. ही 18 टक्के पाळकाच्या पगारातून कापायची नसते, मंडळीनं वरून भरायची असते. वर इमारत दीडशे वर्षांची, छप्पर गळतंय. मग पाळक अर्धवेळ होतो. नंतर दोन गावांत मिळून एक. त्यानंतर महिन्यातून दोन रविवार बाहेरून कुणी निवृत्त पाळक येतो, उरलेले रविवार सभासदच प्रार्थना चालवतात. चर्च बंद पडत नाही. फक्त फळ्यावरचं पाळकाचं नाव दर दोन वर्षांनी बदलतं, आणि कधीकधी ती जागा कोरीच राहते.

आता याच गावांच्या डोक्यावर बिशपचं कार्यालय धरा. तिथे बिशप असतो. ‘कॅनन टू द ऑर्डिनरी’ नावाचा त्याचा उजवा हात असतो, आपल्या भाषेत सांगायचं तर स्वीय सचिव आणि मुख्य कारभारी एकाच माणसात. कुठल्या मंडळीला कोणता पाळक मिळेल ते जुळवून देणारा असतो. हिशेबनीस, पगारपत्रकं, विमा, मुलांच्या सुरक्षेचं प्रशिक्षण, नव्या पाळकांची चारित्र्य-पडताळणी, दरवर्षी प्रत्येक मंडळीकडून भरून घ्यायचा तो अहवाल. शंभर मंडळ्या असोत की वीस, यातलं एकही काम टळत नाही. ओ क्लेअरमध्ये मंडळ्या विसाच्या आतबाहेर होत्या, आणि नियम मात्र सगळे तेच.

[पडद्यावर: पुन्हा नकाशा, तीन रंगांत]

शहाणपण एका दिवसात सुचलं नाही. ओ क्लेअर आणि फॉन्ड ड्यू लॅक यांनी 2011 मध्येच एक व्हायचा प्रयत्न केला होता. तो फसला. मला विचाराल तर त्यात नवल नव्हतं. धर्मप्रांत म्हणजे नुसती हद्द नसते. फॉन्ड ड्यू लॅकला आपल्या धुपाचा, जरीच्या झग्यांचा, 1900 च्या त्या फोटोचासुद्धा अभिमान. ग्रीन बेजवळच्या ओनाइडा या मूळनिवासी अमेरिकन लोकांची ‘होली अपॉसल्स’ मंडळी याच प्रांतातली. हे लोक 1820 च्या दशकात न्यूयॉर्कहून इकडे आले ते चर्च बरोबर घेऊनच. अशा माणसांना ‘तुमचं कार्यालय आता दुसऱ्या गावी’ असं कोण सांगणार?

शेवटी रिकाम्या खुर्च्यांनीच सांगितलं. 2020 मध्ये ओ क्लेअरचे बिशप निवृत्त झाले, मिलवॉकीचेही झाले. नवे निवडायचे म्हणजे शोध समिती, उमेदवार, निवडणूक, मग देशभरातल्या बिशपांची आणि प्रांतांच्या स्थायी समित्यांची संमती, आणि एवढं करून एक पूर्ण पगार. दोघांनीही नवा बिशप निवडला नाही. ओ क्लेअरनं शेजारच्या बिशपला हंगामी म्हणून बोलावलं, मिलवॉकीनं शिकागोहून निवृत्त झालेल्या बिशपना. तीन प्रांतांत कायमचा बिशप उरला एक, फॉन्ड ड्यू लॅकचे मॅथ्यू गंटर.

मे 2024 मध्ये तिन्ही प्रांतांनी एक व्हायच्या बाजूनं मत दिलं. जूनमध्ये लुइव्हिल शहरात भरलेल्या सगळ्या चर्चच्या सर्वसाधारण अधिवेशनानं मान्यता दिली आणि 1847 चं जुनं नाव परत आलं. विस्कॉन्सिन. बिशप गंटरच. त्याच अधिवेशनात मिशिगनमधले दोन धर्मप्रांतही एक झाले.

[पडद्यावर: न्यूयॉर्क, सेकंड अव्हेन्यू, इमारत क्रमांक 815]

आणि त्याच अधिवेशनानं सगळ्या चर्चचा प्रमुख म्हणून कुणाला निवडलं? शॉन रो यांना. वय 49. बत्तिसाव्या वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या ईरीचे बिशप झालेले, आणि 2019 पासून शेजारच्या बफेलोचा प्रांतही सांभाळणारे. दोन प्रांत एका माणसानं कसे चालवायचे, हा यांचा रोजचा धडा. पदग्रहणाचा सोहळा वॉशिंग्टनच्या भव्य नॅशनल कॅथेड्रलमध्ये करायची रीत त्यांनी मोडली. न्यूयॉर्कच्या मुख्यालयातलं छोटं चॅपल, मोजकी माणसं, बाकीच्यांनी पडद्यावर बघा. तो 1900 चा फोटो आठवला की गंमत वाटते.

पुढची गोष्ट गमतीची नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये मुख्यालयाच्या फेररचनेत 14 जणांची नोकरी गेली. कारण असं दिलं गेलं की वरची यंत्रणा धर्मप्रांतांच्या उपयोगी पडेल अशी बेतायची आहे. कारण खोटं नाही. पण ‘फेररचना’ हा शब्द चर्चनं वापरला काय आणि कंपनीनं वापरला काय, टेबल आवरणाऱ्याला सारखाच ऐकू येतो.

विलीनीकरणाबद्दल एक गोष्ट मला राहून राहून वाटते. तीन हिशेबनिसांच्या जागी एक चालेल, तीन संगणकप्रणालींच्या जागी एक चालेल, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्यामुळे त्या फळ्यावरची कोरी जागा भरत नाही. वाचलेला पैसा गावापर्यंत पोचला तर पाळक येईल. तोपर्यंत रविवारी निवृत्त पाळकच गाडी काढणार.

[पडद्यावर: हमरस्ता, पहाट]

आणि बिशपही. महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं मोठं राज्य, शंभराच्या आसपास मंडळ्या. आग्नेयेच्या मिलवॉकीहून वायव्येच्या सुपीरियरला जायचं तर सहाशे किलोमीटर. मागच्या सीटवर टोपीची पेटी, तिच्याशेजारी मेंढपाळाची काठी. प्रवासाची काठी तुकड्यांत उघडते, चर्चच्या दाराशी पोचल्यावर पेच फिरवून जोडायची. उपासना होते, दोन मुलांचं दृढीकरण होतं, कॉफी होते. मग कुणीतरी आतल्या कपाटातून रजिस्टर आणून टेबलावर ठेवतं. जाड पुठ्ठ्याचं, कडा झिजलेल्या. बिशप पानं उलटतात, शेवटच्या नोंदीपर्यंत येतात, सही करतात.

पुढची भेट तीन वर्षांच्या आत.