अंगावरून वारं गेल्यावर गाणं कुणी निवडायचं?

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथून ऐकत असाल तिथं सगळ्यांना नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट. अंगावरून वारं गेलेल्या पेशंटांचा घरी जाऊन व्यायाम करून घेणं हे माझं काम. घरात पाऊल टाकलं की सून हळूच सांगते, "मामा काही मनावरच घेत नाहीत बघा. जेवण नको, व्यायाम नको, तोंड भिंतीकडं." मागून मुलगा म्हणतो, "आळस, दुसरं काय!"

आळस नव्हे तो. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. मेंदूला इजा झालेली असते. शिवाय परवापर्यंत शेतावर जाणारा माणूस आज लघवीला जायलाही दुसऱ्याच्या हाताची वाट बघतो. मन खचलं की व्यायाम सुटतो, व्यायाम सुटला की हात आखडतो.

फिनलंडमधल्या हेलसिंकीत पक्षाघात झालेल्या ६० रुग्णांवर झालेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. उपचार सगळ्यांना सारखेच. फक्त एका गटानं दोन महिने रोज निदान तासभर गाणी ऐकली, दुसऱ्यानं रेकॉर्ड केलेली पुस्तकं ऐकली, तिसऱ्यानं काहीच नाही. तीन महिन्यांनी गाणीवाल्यांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता जास्त सुधारलेली दिसली, आणि काहीच न ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांची उदासीही कमी होती. गाणी मात्र ज्याची त्यानं निवडलेली!

आपल्याकडं नेमकं इथंच चुकतं. अमक्या रागानं तमका रोग जातो, असले तक्ते मोबाईलवर फिरतात. नादी लागू नका. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, अभिमान आहेच. पण पेशंटला डोळ्यांसमोर तमाशाचा फड आणणारी लावणी हवी असेल, तर लावणीच लावा. कन्नड वचनं हवी असतील तर ती.

खानापूर तालुक्यातले एक आजोबा. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. मुलानं हौसेनं स्पीकर आणून बासरी लावलेली. आजोबा डोळे मिटून पडलेले. घरच्यांना वाटायचं, शांत वाटतंय त्यांना. मी विचारलं तर डाव्या हातानं खूण केली, बंद कर. आजी म्हणाली, "त्यांना भजन लागतं, ते बी आपल्या मंडळाचं." नातवानं मोबाईलवर जुनं रेकॉर्डिंग शोधलं. पखवाज कानठळ्या बसवणारा, मध्येच कुत्रं भुंकतंय. आजोबांची बोटं गोधडीवर ठेका धरू लागली. शेवटी गजर आला, आणि ज्यांना 'पाणी' म्हणता येत नव्हतं त्यांच्या तोंडून 'विठ्ठल' निघालं. आजी म्हणाली, "अजून बेसूरच हाय."

बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या डाव्या भागावर अवलंबून असतं. गाताना उजवा भागही हात देतो, म्हणून असं घडू शकतं. पण गाणं म्हणजे गोळीला पर्याय नव्हे. उदासी दोन आठवडे हटली नाही तर डॉक्टरांना सांगा. जगणं नको असं बोलले तर त्याच दिवशी.

आजोबांचा व्यायाम आता त्याच भजनावर चालतो. कुत्रं भुंकलं की हात दहाव्यांदा वर जायला हवा, हे आम्हां दोघांनाही पाठ झालंय.