पाण्याची बाटली कुठे भरायची?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो गाळ उपसताना ड्रोनने पाणी तपासण्याचा. ड्रोनकडे येतोच, पण आधी ड्रेजर, म्हणजे गाळ उपसणारं जहाज. उरण, मोरा, करंजाची माणसं समोर बसलीत. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, तेव्हापासून चॅनेलमधला, म्हणजे जहाजांच्या वाटेतला उपसा तुम्ही बघत आला आहात. तरी एक गोष्ट सांगतोच. हॉपर ड्रेजर तळावरून जाडजूड नळ फरफटत नेतो. चिखल आणि पाणी एकत्रच ओढून पोटातल्या हौदात भरतो. हौद भरत आला की वरचं पाणी परत समुद्रात सोडतात, म्हणजे चिखलाला जागा होते. याला ओव्हरफ्लो म्हणतात. वाळू असेल तर ती लगेच खाली बसते. आपल्या खाडीचा चिखल पिठासारखा बारीक, तो प्रवाहाबरोबर निघतो.

आता माझी जुनी तक्रार. एका उपशाचा पाणी-तपासणीचा अहवाल माझ्या हाती आला होता. काम इथलं नव्हतं. नकाशावर ठरलेले ठिपके, दर खेपेला होडी तिथेच नेऊन बाटल्या भरलेल्या. वेळ लिहिलेली, पण भरती होती की ओहोटी, ते नाही. ड्रेजर त्या वेळी उपसत होता की गाळ टाकायला बाहेर गेला होता, याचीही नोंद नाही. खाली सगळ्यांची सरासरी आणि शेरा: मर्यादेत! गाळाचा पट्टा ओहोटीबरोबर बाहेर चाललाय आणि बाटली आतल्या अंगाला भरली जातेय, तर तो आकडा कशाचा?

करंजाच्या एका मावशींना तो तक्ता वाचून दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी उधाणाचं होतं का भांगाचं?" उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, भांगाला जेमतेम दीड मीटर. उधाणाला खाडी आपणहूनच गढूळ असते. तेव्हा एकच ठरीव आकडा धरून कसं चालेल? ड्रेजरच्या अलीकडचं पाणी आणि पलीकडचं पाणी, एकाच वेळी, शेजारी ठेवून बघायला हवं. मावशींच्या प्रश्नाचा रकानाच त्या अहवालात नव्हता, याचा मला आजही राग येतो.

वेळ संपल्याची चिठ्ठी आलीये, तेव्हा ड्रोन भरभर सांगतो. वरून पट्टा अख्खा दिसतो, कुठे वळतोय तेही. गढूळ पाणी लाल प्रकाश जास्त परत फेकतं, त्यावरून गाळाचा अंदाज बांधता येतो. मात्र त्याच वेळी होडीतून घेतलेले नमुने जोडीला हवेत, नाहीतर ते नुसतं रंगीत चित्र. सूर्य डोक्यावर असताना उडवू नका, पाण्याच्या चकाकीत काही दिसत नाही. आणि दिसतो तो फक्त वरचा थर. तळालगत सरकणारा गाळ आणि पाण्यातला प्राणवायू मोजायला यंत्र पाण्यात सोडावंच लागतं. ड्रोनने होडीला एवढंच सांगायचं, की बाटली इथे भर.

२०२१ च्या ड्रोन नियमांमुळे बंदर आणि नौदलाच्या तळाजवळ तुम्ही-आम्ही परवानगीशिवाय उडवू शकत नाही. म्हणून ही अट उपशाच्या कंत्राटातच घातली पाहिजे. चित्र, भरतीची वेळ आणि ड्रेजरची जागा त्याच दिवशी मच्छीमार सोसायट्यांना मिळाली पाहिजे. पट्टा डोलींकडे, म्हणजे खाडीत रोवलेल्या जाळ्यांकडे, किंवा कालवांच्या खडकांकडे वळला, तर ओव्हरफ्लो तेवढा वेळ बंद ठेवता येतो. हौदात चिखल कमी भरेल, फेऱ्या वाढतील, खर्च वाढेल. तो खर्च कंत्राटात आधीच धरा, एवढंच मागणं आहे.